दुपारी दोन वाजता काय चालू होतं?

गेल्या काही दिवसांत आलेल्या पत्रांमध्ये एक पत्र अगदी निराळं निघालं. लोणच्याला बुरशी आली, रव्यात पोरकिडे झाले, धाकटा भाजीला हात लावत नाही, ह्या आपल्या नेहमीच्या तक्रारी. ह्या भगिनींनी लिहिलं होतं ते मात्र विजेच्या मीटरबद्दल. त्यांचं नाव-गाव देत नाही, तशी त्यांचीच विनंती आहे. पत्रातला मजकूर मात्र त्यांच्याच शब्दांत देते :

"आमच्याकडे दिवाळीनंतर नवा स्मार्ट मीटर बसला. घरात दर तासाला किती वीज वापरली ते आता ह्यांच्या मोबाईलवर दिसतं. झालं! दुपारी ऑफिसातून फोन येतो, 'दोन वाजता काय चालू होतं गं?' मी इस्त्री करत होते, तीही ह्यांच्याच शर्टांना. पूर्वी महिन्यातून एकदा बिल यायचं आणि एकदाच बोलणी खावी लागायची. आता रोज. जानेवारीचं बिल २५८ युनिटांचं आलं. दिवसभर घरात मी असते, तेव्हा वीज मीच जाळते, असं घरात सगळ्यांचं ठरून गेलं आहे. मला तर आता दुपारी टीव्ही लावायचीही चोरी झाली आहे. ह्या मीटरचं करू तरी काय?"

पत्र वाचून मला आधी हसू आलं, आणि मग वाईट वाटलं. पूर्वी दुधाचा हिशेब, किराण्याची यादी, रॉकेलचा डबा, सगळ्याचा जाब गृहिणीलाच द्यावा लागे. आता त्यात विजेची भर पडली, तीसुद्धा तासातासाची! पण मी त्यांना उलट टपाली लिहिलं, "बाई, ह्या मीटरवर रागावू नका. आठ दिवस त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्या. आकडे एकट्या तुमच्याबद्दल बोलत नाहीत, सगळ्या घराबद्दल बोलतात. आठ दिवसांची टिपणवही करा आणि मला कळवा."

त्यांनी ती केली आणि मनापासून केली. त्यातून काय निघालं ते पुढे सांगतेच. पण आधी थोडी उजळणी.

युनिट म्हणजे काय?

बिलावर आपण युनिट वाचतो, पण ते डोळ्यांसमोर येत नाही. एक हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट झालं, एवढंच गणित. हजार वॅटची इस्त्री तासभर तापली तर फार तर एक युनिट (मध्ये मध्ये ती आपोआप बंद होते, म्हणून प्रत्यक्षात कमीच). दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास तापला की एक युनिट. पंच्याहत्तर वॅटचा जुना पंखा तेरा-साडेतेरा तास फिरला तर एक युनिट. नऊ वॅटचा एलईडी दिवा मात्र एकशे अकरा तास जळेल तेव्हा कुठे एक युनिट! म्हणजे बाथरूमचा दिवा चुकून राहिला म्हणून घरभर ओरडणाऱ्यांनी गिझरच्या बटणाकडेही जरा पाहावं.

आता नवा मीटर. जुन्या मीटरचं वाचन करायला महिन्यातून एकदा माणूस यायचा. हा मीटर आपलं वाचन स्वतःच मोबाईलसारखं कंपनीकडे पाठवतो, तेही दिवसातून अनेकदा. म्हणून आपल्याला कंपनीच्या ॲपवर दिवसाचा आणि तासाचा वापर दिसू शकतो. दार बंद होतं म्हणून अंदाजे बिल, ही कटकट त्यामुळे कमी होते.

पण एक गैरसमज काढून टाका. मीटर बसला म्हणून वीज वाचत नाही. वजनकाटा घरी आणला म्हणून कुणी बारीक होतं का? ब्रिटनमध्ये अशा मीटरबरोबर घरात ठेवायला एक लहानसा पडदा मिळतो, त्यावर चालू वापर सारखा दिसत राहतो. तिथल्या पाहणीतसुद्धा घरांचा वीजवापर दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच कमी झालेला दिसला. आकडा दिसल्यावर उठून बटण बंद करणारा हात लागतोच. आणि तो हात दर वेळी एकाच बाईचा असावा, असं कुठे लिहिलेलं नाही.

आठ दिवसांची टिपणवही

मी त्या भगिनींना दिवसाचे पाच भाग पाडायला सांगितले. ॲप ह्यांच्या मोबाईलवर होतं. मी म्हटलं, ग्राहक क्रमांक बिलावर छापलेला असतो, मुलाला सांगून तुमच्याही मोबाईलवर ॲप घ्या. (ज्यांच्याकडे अजून जुना मीटर आहे त्यांनी हिरमुसू नये. ठरलेल्या वेळी मीटरवरचा आकडा वहीत लिहायचा आणि वजाबाकी करायची. काम तेच होतं.)

आठ दिवसांची सरासरी त्यांनी अशी पाठवली :

पहाटे ५ ते सकाळी ९ : ४ युनिट
सकाळी ९ ते दुपारी १२ : ०.४ युनिट
दुपारी १२ ते ५ : १.१ युनिट
संध्याकाळी ५ ते रात्री ११ : १.८ युनिट
रात्री ११ ते पहाटे ५ : १ युनिट

एकूण ८.३ युनिट. महिन्याचे ३१ दिवस धरले की बरोबर २५७-२५८. बिल खोटं नव्हतं.

आता हे आकडे जरा निवांत पाहा बरं. ज्या दुपारवरून एवढे फोन, त्या पाच तासांत सव्वा युनिटही नाही! त्यातही इस्त्रीचं ०.४, आणि फ्रिज तर कुणी घरात असो-नसो चालणारच. उलट सगळं घर झोपलेलं असतं, तेव्हाही एक युनिट जातंच आहे. आणि सकाळच्या चार तासांत दिवसाची जवळजवळ निम्मी वीज. त्या वेळी घरात कोण असतं? सगळेच!

माझ्या भगिनी लिहितात, "वही पुरी झाली त्या रात्री मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली. काही बोलले नाही. सासूबाईंनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, 'म्हणजे दुपारची तू नव्हेस तर.'"

आठ ते नऊचं कोडं

मग त्यांनी सकाळचे आकडे तासातासाने पाहिले. मुलाचा क्लास म्हणून गिझर साडेपाचला सुरू होतो. मग मुलगी, सासूबाई, त्या स्वतः आणि शेवटी हे. सव्वाआठला हे बाहेर पडतात. तरीही आठ ते नऊच्या तासात जवळजवळ एक युनिट दिसत होतं. आंघोळी तर संपलेल्या!

ह्याचं उत्तर गिझरच्या पोटात आहे. गरम पाणी काढलं की तितकंच गार पाणी टाकीत शिरतं आणि गिझर ते तापवायला लागतो. शेवटच्या माणसाची आंघोळ झाली आणि बटण चालूच राहिलं, तर पंचवीस लिटरची टाकी पुन्हा पूर्ण तापते. वीस अंशाचं पाणी पंचावन्न अंशापर्यंत न्यायला सुमारे एक युनिट लागतं. ते पाणी मग दिवसभर कुणासाठी? कुणासाठीच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ते निवून जातं आणि आपण पुन्हा तापवतो. ह्यांच्याकडे ते बटण नऊ वाजता, कपडे धुवायला गेल्यावर, ह्याच बंद करत असत. रोज एक युनिट, महिन्याला तीस.

उपाय एका पैशाचा नाही. शेवटच्या माणसाने नळ सोडण्याच्या आधी बटण बंद करायचं. टाकीतलं तापलेलं पाणी एका आंघोळीला भरपूर होतं. आणि शेवटचा माणूस कोण, ते आता तुम्हाला ठाऊकच आहे!

आंघोळी एकापाठोपाठ एक झाल्या तर आणखी बरं. नवा गिझर घेणार असाल तर त्यावरचे तारे जरूर पाहा. गिझरवरचे तारे, तापवून ठेवलेल्या पाण्यातली उष्णता चोवीस तासांत किती वाया जाते, त्यावरून ठरतात. जास्त तारे म्हणजे टाकीचं पांघरूण जाड.

रात्री कोण जागतं?

आता रात्रीचं ते एक युनिट. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, पाहिलात का? जवळच एक आकडा छापलेला असतो, पुष्कळ मीटरवर ३२००. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर तो धरा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला पाच-सहा लुकलुक म्हणजे साधारण १०० वॅट. शंभर वॅट अखंड चालू राहिले तर महिन्याला ७२ युनिट, ही गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा.

आमच्या भगिनींनी मुलाला घेऊन रात्री अकराला मीटरसमोर ठाण मांडलं. दिवे, पंखे बंद, फ्रिजची मोटरही थांबलेली. तरी मिनिटाला तीन लुकलुक, म्हणजे साठ वॅटच्या जवळपास. मग एकेक वस्तू बंद करत गेल्या. टीव्ही आणि त्याचा सेट-टॉप बॉक्स बंद केला, थोडं कमी झालं. इन्व्हर्टर बंद केला आणि लाल दिवा एकदम मंदावला.

चपलांच्या कपाटाखाली ठेवलेली ती बॅटरी सहा वर्षांची. तिच्यात पाणी कधी घातलं हे कुणालाच आठवेना. म्हातारी बॅटरी भरता भरत नाही, म्हणून इन्व्हर्टर तिला रात्रंदिवस पाजत बसतो. हात लावला तर ती कोमट लागली. साठ वॅट म्हणजे महिन्याला ४३ युनिट! मोबाईलचा चार्जर काढला नाही म्हणून मुलीला जितकी बोलणी बसली होती, ती सारी खरं तर त्या बॅटरीला बसायला हवी होती.

त्यांनी बॅटरी बदलली. ती काही स्वस्त नसते, आणि नुसत्या वाचलेल्या विजेतून तिचे पैसे पटकन निघत नाहीत, हेही सांगायला हवं. पण वीज गेल्यावर ती दहा मिनिटंसुद्धा टिकत नव्हती. बदलायची होतीच. तुमची बॅटरी तीन-चार वर्षांचीच असेल तर आधी माहितगाराकडून डिस्टिल्ड पाण्याची पातळी पाहून घ्या. बॅटरी स्वतः उघडायला जाऊ नका, आत तेजाब असतं.

दुपारची सवलत, खरी किती?

पुष्कळ जणींनी विचारलं आहे की दिवसा वीज स्वस्त झाली म्हणतात, मग सगळी कामं दुपारी करायची का? गोष्ट अशी. दिवसा सूर्यावरची वीज मुबलक होते, संध्याकाळी मात्र सगळीकडे एकदम दिवे, पंखे आणि एसी लागतात. म्हणून वापर दिवसा सरकावा यासाठी, ज्यांच्याकडे नवा मीटर आहे अशा महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर जुलै २०२५ पासून युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. दर आणि सवलती बदलत असतात, मुंबईत तर वीज कंपन्याही वेगळ्या. तेव्हा आपल्या ताज्या बिलावर काय छापलं आहे ते पाहावं.

आता गणित करू. वॉशिंग मशीनची एक खेप, पाणी गरम न करता, साधारण ०.३ युनिट. ती सकाळी सातऐवजी दहाला लावली तर वाचले चोवीस पैसे. महिन्याला सात रुपये. सहज जमत असेल तर अवश्य करा, पण सात रुपयांसाठी दुपारची पाठ टेकणं सोडू नका! जिथे मोठी वीज लागते तिथे मात्र वेळ पाळावी. घरात विजेवरची स्कूटर असेल आणि ती दिवसा घरी असेल, तर तिचं तीन युनिटांचं चार्जिंग दिवसा करावं. टाकीत पाणी चढवायची मोटर दुपारी लावावी. आणि इस्त्री? आमच्या भगिनी ती दुपारी दोनलाच करत होत्या. म्हणजे ज्या कामावरून फोन येत होता, ते नेमकं स्वस्ताईच्या वेळेतच चाललं होतं!

टप्प्यांचंही एक लक्षात असू द्या. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त, आणि पुढे त्याहूनही जास्त. तीनशेवर दहा युनिटं गेली तर वरचा दर त्या दहांनाच लागतो, सगळ्यांना नव्हे. पण वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातलं, म्हणजे महागातलं वाचतं, हा आपला फायदा.

मीटरच चुकत असेल तर?

तेही होऊ शकतं. आधी घरातला मेन स्विच बंद करा आणि लाल दिवा पाहा. घर पूर्ण बंद असतानाही तो लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्या मध्ये काहीतरी गडबड आहे. जिन्यातला दिवा किंवा सामाईक पाण्याची मोटर एखाद्याच घराच्या मीटरवर जोडलेली निघते! जाणत्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, तारांना स्वतः हात लावू नका.

तरीही वाचन पटत नसेल तर कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. केंद्र सरकारने २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत भर घातली. वाचन प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार आली, तर कंपनीने पाच दिवसांच्या आत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवायचा आणि निदान तीन महिने दोन्हींचा ताळा पाहायचा, असं त्यात आहे. हा आपला हक्क आहे, उपकार नव्हे. नुसतं "नवा मीटर पळतो" असं शेजारणीपाशी म्हणून काही होत नाही. हातात आठ दिवसांची वही असली की समोरच्यालाही तुमचं ऐकावं लागतं.

जाता जाता काही टिपा

* फ्रिजच्या दारात कागद अडकवून दार लावा. कागद सहज सुटून आला तर रबर सैल झालं आहे, ते बदला.
* फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागे हवा खेळायला जागा हवी.
* टीव्ही रिमोटने बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स जागाच असतो. रात्री दोन्हींचं बटण भिंतीवर बंद करा.
* पंखा बदलायची वेळ आलीच तर बीएलडीसी पंख्याचा विचार करा. जुन्याला पंच्याहत्तर वॅट लागतात, ह्याला साधारण तीस. दिवसभर फिरणाऱ्या खोलीत आधी बसवा.
* उन्हाळ्यात एसी २४ अंशांवर ठेवा, जोडीला पंखा लावा. तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण सहा टक्के वीज वाचते.

आणि शेवटचं, पण माझ्या मते मुख्य

आमच्या भगिनींचं फेब्रुवारीचं बिल १८२ युनिटांचं आलं. फेब्रुवारी तीन दिवसांनी लहान असतो, तेव्हा सगळं श्रेय वहीला देऊ नका. पण रोजचा हिशेब ८.३ वरून ६.५ वर आला, हे खरं. पैसे किती वाचले ते त्यांनी लिहिलं आहे, पण मला त्यांच्या दुसऱ्या पत्रातला वेगळाच मजकूर जास्त आवडला :

"वही आता फ्रिजवर लटकवली आहे. गिझरच्या बटणाशी चिठ्ठी लावली आहे, 'शेवटचा कोण?' रात्री टीव्हीचं बटण सासूबाई बंद करतात, रविवारी आकडे मुलगी लिहिते. ह्यांचे दुपारचे फोन बंद झाले. मागच्या मंगळवारी मीच ऑफिसात फोन केला. म्हटलं, 'आठ ते नऊ काय चालू होतं हो?' पलीकडे जरा वेळ शांतता, आणि मग हे म्हणाले, 'चिठ्ठी दिसली नाही.'"

मैत्रिणींनो, त्यांनी तो फोन एकदाच केला आणि हसून केला, हे फार शहाणपणाचं. आपल्यावर बसवलेला पहारा उठवून तोच दुसऱ्यावर बसवायचा नाही. एखाद्या दिवशी पाहुणे येतात, कुणी आजारी पडतं, वाटण-घाटण जास्त होतं. त्या दिवशी आकडा वाढणारच, वाढू द्यावा. म्हाताऱ्या माणसांना थंडीत गरम पाणी आणि उन्हाळ्यात पंखा, ह्यात काटकसर करायची नाही. आणि जी बाई दिवसभर घरात राबते, तिने दुपारी तासभर टीव्ही लावला तर शंभर वॅटच्या टीव्हीला युनिटाचा दहावा भाग लागतो. तेवढी वीज तिच्या हक्काची आहे, तिचा जाब कुणी मागू नये.

तुमच्या घरातली वही काय सांगते, ते मला जरूर कळवा. रात्रीच्या युनिटाचं कोडं कुणाला सुटत नसेल तर आकडे लिहून पाठवा, पुढच्या एखाद्या अंकात आपण मिळून सोडवू.